पेढी सोडून एक महिना : सावरगाव ते श्रवणबेळगोळ

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा आमच्याकडे लेख मागितला, तेव्हा आम्ही प्रथम हात जोडले. मॅट्रिकच्या परीक्षेनंतर आमची लेखणी रोकडवही, खातेवही आणि बाहेरगावच्या आडत्यांशी होणारा पत्रव्यवहार यांपलीकडे फारशी गेलेली नाही. परंतु मंडळाने आग्रह धरला. गेल्या वर्षी ऐन पौषात आपण महिनाभर पेढी सोडून दक्षिणेत गेलात, ते कसे जमले, हे सभासदांना कळले पाहिजे, असे मंडळाचे म्हणणे पडले. 'काय पाहिले' असे न विचारता 'कसे जमले' असे विचारणारा मनुष्य हाडाचा व्यापारीच असला पाहिजे, हे ओळखून आम्ही लिहावयास बसलो.

निघण्याची कारणे दोन होती. पहिले शरीराचे. चाळीस वर्षे तूर, गहू, ज्वारी आणि सोयाबीन यांच्या राशींशेजारी बसलेल्या माणसाच्या छातीत धुळीने थोडेफार बिऱ्हाड केलेलेच असते. सातपुड्याच्या कुशीतील आपली थंडी सुरू झाली की ती धूळ जागी होते. पहाटे जाम नदीवरून धुके उठते, घरोघरी शेकोट्या पेटतात, त्यांचा धूर खाली दबून राहतो, आणि आमचा श्वास शिट्टी वाजवू लागतो. नागपूरच्या डॉक्टरांनी तीन हिवाळे एकच सल्ला दिला, की पौष-माघात उबदार मुलखात जाऊन राहा. आम्ही तिन्ही वेळा मान डोलावली आणि औषधाची चिठ्ठी घेऊन मंडीत परत आलो.

दुसरे कारण आमच्या वडील बंधूंचे. त्यांना शहात्तरावे वर्ष लागलेले. श्रवणबेळगोळ येथे भगवान बाहुबलींचा महामस्तकाभिषेक बारा वर्षांनी होतो, हे सभासदांस ठाऊकच आहे. १९८१, १९९३, २००६ आणि २०१८ असे चार अभिषेक आमच्या हयातीत होऊन गेले. चारही वेळा बंधूंनी जावयाचे म्हटले, आणि चारही वेळा पेढीने सोडले नाही. एकदा भाव चढता होता, एकदा उतरता होता, एकदा गोदामाचे बांधकाम निघाले आणि एकदा आम्ही आजारी पडलो. बारा-बारा वर्षांच्या मापाने मोजले म्हणजे आयुष्य किती आखूड आहे ते ध्यानात येते. २०१८ साली वर्तमानपत्रातील अभिषेकाचे चित्र पाहत बंधू म्हणाले होते, "पुढच्या वेळी." गतवर्षी आम्हीच हिशेब केला. पुढची वेळ २०३० च्या सुमारास यावयाची, आणि तेव्हा बंधूंचे वय ऐंशीच्या पलीकडे गेलेले असावयाचे. अभिषेकाची वाट न पाहता साध्या दिवशीच जावे, असे त्या संध्याकाळी ठरले.

आमचे पिताजी व्रती गृहस्थ होते. श्रावकाच्या गुणव्रतांत दिग्व्रत म्हणून एक व्रत आहे. कोणत्या दिशेस किती दूर जावयाचे याची मर्यादा त्यात माणूस स्वतःच आखून घेतो. पिताजींनी उत्तरेस नर्मदा व दक्षिणेस गोदावरी अशी सीमा घातली होती आणि ती अखेरपर्यंत पाळली. आम्ही भावांनी ते व्रत कधी घेतले नाही, तरी आमचेही पाऊल गोदावरीपलीकडे फारसे पडले नाही. वडिलांना व्रताने थांबविले होते, आम्हांस गल्ल्याने थांबविले. दोहोंत अंतर आहे, हे कबूल केलेलेच बरे.

आता वाहनाविषयी. आमच्या पुतण्याच्या मुलाने सुचविले की, हल्ली कॅरव्हॅन नावाची घरासारखी गाडी भाड्याने मिळते. निजावयास पलंग, स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टाकी, सारे आत. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये अशा गाड्यांच्या पर्यटनाचे धोरणही आखले. अमेरिकेत आणि कॅनडात हजारो वृद्ध जोडपी बर्फ पडू लागले की असल्या गाडीत संसार घालून दक्षिणेकडील उबदार राज्यांत जातात आणि वसंतात परततात. थंडीत स्थलांतर करणाऱ्या पाखरांवरूनच तेथे त्यांना नाव पडले आहे. कल्पना नामी होती. तथापि त्या गाडीत निजावयाची सोय चार-पाच जणांची, आणि आम्ही जाणारे अकरा. शिवाय ज्या समाजात यात्रेला निघताना चौका बरोबर न्यावयाची रीत आहे, त्याला घर बरोबर नेण्याची विद्या नव्याने शिकावयास नको. आम्ही सतरा आसनांची गाडी ठरविली, मागच्या दोन रांगा सामानासाठी मोकळ्या ठेवल्या, आणि मुक्काम तीर्थक्षेत्रांच्या धर्मशाळांत करावयाचे ठरविले.

चौक्याची सूत्रे वहिनींच्या हाती होती. गहू साठ किलो, ज्वारी पंचवीस, तूरडाळ, मूगडाळ, तांदूळ, गूळ, तूप, पापड, गॅसची शेगडी, पाणी गाळण्याची जाड दुपदरी वस्त्रे, आणि सर्वांत मागे दोरीने आवळलेली घरघंटी. घरघंटी कशाला, असे गाडीच्या चालकाने विचारले. त्याला कारण होते. आपल्याकडे शुद्ध पिठाची मर्यादा हिवाळ्यात सात दिवस, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन दिवस मानतात. महिनाभराचे पीठ दळून नेता येत नाही. धान्य न्यावे आणि वाटेत दळावे, हाच मार्ग. धान्य वर्षभर टिकते, पीठ आठवडाभर. घाऊक व्यापाऱ्याला ही गोष्ट नवी नाही, पण महिनाभराच्या प्रवासाची आखणी तिच्यावर करावी लागते, हे आम्हांस प्रथमच कळले.

जानेवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यात, पहाटे, णमोकार मंत्र म्हणून गाडी हलली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ज्या पात्राच्या दोन तीरांवरून सावरगाव आणि पांढुर्णा गोटमार खेळतात, ते जाम नदीचे पात्र त्या वेळी धुक्याखाली निवांत निजले होते. आंबिया बहराच्या अखेरच्या संत्र्यांच्या चार पेट्या टपावर होत्या. थोरल्या चिरंजीवांच्या हाती किल्ल्या देताना आम्ही त्यांस सूचनांची दीड पाने लिहून दिली होती. त्यांनी ती वाचली, घडी घातली आणि म्हणाले, "बाबा, मुनीमजी आहेत, मी आहे. तुम्ही मफलर घ्या."

वरूड, अमरावती करीत पहिला मुक्काम कारंजा येथे झाला. जुन्या भट्टारकपीठांचे हे गाव विदर्भातील जैनांचे माहेरच होय. पुढे शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांचे दर्शन घेतले. नंतर कुंथलगिरी. कुलभूषण व देशभूषण या मुनींची ही सिद्धभूमी. येथेच आचार्य शांतिसागर महाराजांनी १८ सप्टेंबर १९५५ रोजी सल्लेखनापूर्वक देह ठेवला. पिताजी त्या वेळी येथे आले होते, असे घरात सांगत. त्यांच्या सीमेच्या हे ठिकाण पलीकडे पडते. व्रत त्यानंतरचे असावे. बंधू बराच वेळ टेकडीवर बसून होते. काय विचार करीत होते ते आम्ही विचारले नाही.

सोलापुरास आमची परीक्षा झाली. मुक्कामी पोहोचताच चिरंजीवांचा फोन आला. तुरीची आवक एकाएकी वाढली होती आणि भाव उतरणीला लागला होता. गोदामात जुना माल पडून होता. आमचे काळीज खाली गेले. रात्री दोन वाजता आम्ही उठून बसलो आणि सोलापूरहून नागपूरची गाडी केव्हा सुटते ते पाहू लागलो. बंधू जागेच होते. ते म्हणाले, "अरे, तू जाऊन भाव वर ओढणार आहेस काय?"

"तसे नव्हे, पण पोराला अनुभव नाही."

"तू असेपर्यंत त्याला तो कसा यावयाचा?"

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस सुचले नाही. सकाळी आम्ही चिरंजीवांस कळविले की, तुमच्या बुद्धीस येईल तसे करा आणि परतेपर्यंत भाव कळवू नका. हे वाक्य उच्चारावयास आम्हांस किती कष्ट पडले ते येथे लिहीत नाही. ज्या सभासदांनी भर हंगामात गादी सोडली असेल त्यांस ते सांगावयास नको, आणि ज्यांनी सोडली नसेल त्यांस सांगून कळावयाचे नाही.

सोलापूर सोडले आणि थंडी मागे राहिली. विजापुरास मफलर सुटला, बदामीस स्वेटर पेटीत गेला. ऐहोळे येथे टेकडीवर मेगुती नावाचे दगडी जिनालय आहे. इ.स. ६३४ मध्ये, पुलकेशी दुसरा राज्य करीत असता, रविकीर्तीने ते बांधविले व तेथे संस्कृत शिलालेख कोरविला. ती टेकडी चढताना आम्ही एकदाच थांबलो, आणि तेही देखावा पाहण्यासाठी. श्वासाची शिट्टी बंद झाली आहे, हे सौभाग्यवतींनी ध्यानात आणून दिले.

याच ठिकाणी चौक्यात वाद उपस्थित झाला. पीठ दळून पाच दिवस झाले होते. आमचे म्हणणे असे की पौष चालू आहे, सबब मर्यादा सात दिवसांची. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, पंचांगात पौष असेल, पण पाठीवर घाम आहे तो चैत्राचा. पीठ पंचांग पाहत नाही." शास्त्र ऋतूचे नाव घेते की हवेचे, यावर गाडीत हुबळीपर्यंत चर्चा चालली. निर्णय झाला नाही. मात्र घरघंटी त्याच रात्री लागली, आणि पुढे दर पाचव्या दिवशी लागत गेली. शंका असेल तेथे आखूड मापच धरावे, हा न्याय पेढीवरही वाईट नाही.

सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांस या दक्षिणयात्रेत आणखी एक लाभ होतो, तो लिहून ठेवण्यासारखा आहे. जानेवारीत आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास दिवस मावळतो. तेव्हा चार वाजल्यापासूनच गाडी थांबविण्याची घाई होई. जसजसे दक्षिणेस व पश्चिमेस गेलो तसतसा सूर्य रेंगाळू लागला, आणि कर्नाटकाच्या किनाऱ्यावर तर घरच्यापेक्षा सुमारे अर्धा तास अधिक मिळाला. आमच्या चालकाला या हिशेबाची इतकी गोडी लागली की, शेवटी शेवटी तो रोजचा अस्तमान स्वतःच सांगू लागला.

हुबळीच्या पुढे, महामार्गाच्या कडेने, काही साधू-साध्वींचा संघ पायी विहार करीत चाललेला दिसला. आम्ही गाडी बाजूस लावून वंदन केले. त्यांचा दिवसाचा पल्ला वीस-पंचवीस किलोमीटरांचा. तो आमच्या गाडीने अर्ध्या तासात मागे टाकला. असल्या रस्त्यांवर भरधाव वाहनांच्या अपघातांत विहार करणाऱ्या साधूंनी प्राण गमावल्याच्या वार्ता आपण वाचतो. आपले मालाचे ट्रक रात्रंदिवस या वाटांवर धावतात. पहाटेच्या अंधुक वेळी वेग आवरण्याची ताकीद आपल्या चालकांस देणे, एवढे तरी प्रत्येक सभासदास करता येईल.

मकरसंक्रांतीच्या दिवशी दुपारी श्रवणबेळगोळास पोहोचलो. दोन टेकड्या, मध्ये जलाशय, भोवती गाव. कन्नडात 'बेळ' म्हणजे पांढरे आणि 'कोळ' म्हणजे तळे, त्यावरून बेळगोळ. धर्मशाळेशेजारच्या एका घरातील बाईंनी आमच्या मुलींच्या हाती एक वाटी ठेवली. तीत तीळ, गूळ, खोबरे, शेंगदाणे आणि फुटाण्यांची डाळ एकत्र केलेली होती. त्यांच्याकडे संक्रांतीस हे मिश्रण घरोघर वाटतात. त्यांना मराठी येत नव्हते, आम्हांस कन्नड येत नव्हते. सौभाग्यवतींनी आपल्या डब्यातील तिळगूळ पुढे केला आणि वर दोन संत्री ठेवली. पाचही जिन्नस आम्ही आयुष्यभर पोत्यांनी विकले आहेत. वाटीभर असे प्रथमच हाती आले.

दुसऱ्या दिवशी पहाटे विंध्यगिरी चढावयाचा होता. खडकात कोरलेल्या सहाशेहून अधिक पायऱ्या, आणि त्या अनवाणी चढावयाच्या. वृद्धांसाठी डोली मिळते. आम्ही बंधूंसाठी डोली सांगितली. डोलीवाले आले, बंधू तिच्याजवळ गेले, आणि थांबले. म्हणाले, "पंचावन्न वर्षे हमालांच्या पाठीवर पोती दिली. आता स्वतः पोते होऊन देवापुढे जावयाचे काय?" त्यांनी डोलीवाल्यांस ठरलेली मजुरी देवविली, हात जोडले आणि पहिली पायरी चढले. डोली वाहणे हा त्यांचा प्रामाणिक धंदा आहे आणि ज्यांस गरज आहे त्यांनी ती अवश्य घ्यावी, हे बंधूच नंतर म्हणाले; पण त्या क्षणी त्यांचे मन तसे झाले खरे. दर वीस पायऱ्यांनी ते बसत. आम्हीही बसत होतो; आमच्या छातीला ते माप सोयीचे होते. तरुण मंडळी पाऊण तासात वर गेली. आम्हां दोघांस अडीच तास लागले.

वर प्राकाराच्या दारातून आत गेलो आणि मान आपोआप मागे झुकली. सुमारे सत्तावन्न फूट उंचीची, एकाच पाषाणात घडविलेली ती मूर्ती. गंग राजांचे मंत्री व सेनापती चावुंडराय यांनी ती दहाव्या शतकाच्या अखेरीस घडविली. प्रतिष्ठेचे वर्ष सामान्यतः इ.स. ९८१ मानतात. मांड्यांवरून व दंडांवरून वेली चढलेल्या, पायांशी वारुळे, ओठांवर किंचित हास्य. युद्ध जिंकून राज्य टाकणाऱ्याचे ते रूप. मूर्तीचे मुख उत्तरेस आहे. आम्ही उत्तरेकडून आलो होतो. बंधू हात जोडून एवढेच म्हणाले, "चार वेळा बोलावलेत."

मूर्तीच्या पायांशी, वारुळांच्या बाजूस, शिलालेख आहेत. कन्नड व तमिळ अक्षरांजवळ नागरी अक्षरांतील मराठी ओळीही आहेत. ही मूर्ती चावुंडराजाने करविली आणि भोवतालचा प्राकार गंगराजाने करविला, असा त्यांचा आशय. हा गंगराज होयसळ राजाचा सेनापती, बाराव्या शतकातला. मराठीचा आद्य शिलालेख म्हणून दीर्घकाळ याच लेखाचे नाव घेतले गेले. पुढे विद्वानांनी इतर लेखांचेही दावे मांडले. तो वाद विद्वानांचा आहे. मध्यप्रदेशात राहून मराठी बोलणाऱ्या आम्हांस मात्र, घरापासून तेराशे-चौदाशे किलोमीटरांवर, कन्नड मुलखात, देवाच्या पायांशी आपली भाषा भेटली, आणि धाकट्या नातवाने ती बोट ठेवून वाचण्याचा प्रयत्न केला, याचेच अप्रूप वाटले.

प्राकाराच्या समोर एका वृद्धेची लहानशी मूर्ती आहे. तिला गुळ्ळकायज्जी म्हणतात. कथा अशी की, चावुंडरायाने घडेच्या घडे दूध ओतले तरी अभिषेक मूर्तीच्या पायांपर्यंत उतरेना. तेव्हा या वृद्धेने एका फळाच्या करवंटीतून आणलेल्या चिमूटभर दुधाने साऱ्या मूर्तीचे स्नान झाले. दान किती दिले ते मोठ्या अक्षरांत छापविण्याची हौस आम्हां व्यापाऱ्यांना असते. या स्मरणिकेतही ती पाने असतीलच, आणि त्यांत आमचेही नाव असेल. म्हातारीच्या मूर्तीपुढे आम्ही त्या पानांची आठवण काढली, एवढे नमूद करतो.

तिसऱ्या दिवशी समोरच्या चंद्रगिरीवर गेलो. ही टेकडी विंध्यगिरीहून लहान, पण अधिक प्राचीन. येथे सुमारे सातव्या शतकातला एक शिलालेख आहे. भद्रबाहूंनी उज्जयिनीत बारा वर्षांचे संकट येणार असे भाकीत केले आणि सारा संघ उत्तरापथ सोडून दक्षिणेस निघाला, असे त्यात कोरले आहे. परंपरा सांगते की ते संकट दुष्काळाचे होते, सम्राट चंद्रगुप्त मौर्य राज्य त्यागून संघाबरोबर आले आणि त्यांनी याच टेकडीवर सल्लेखना घेतली. इतिहासकार तपशिलाविषयी भिन्न मते देतात. भद्रबाहूंची म्हणून दाखविली जाणारी गुहा तेथे आहे. आम्ही तिच्या तोंडाशी बसलो.

उज्जयिनी आपल्याच मध्यप्रदेशात आहे. म्हणजे ज्या वाटेने आमची गाडी आठ दिवसांत आली, तिच्याच दिशेने तो संघ पायी आला होता. बारा वर्षे धान्य पिकणार नाही म्हणजे काय, हे धान्याच्या व्यापाऱ्यास आकड्यांनी समजते. एक वर्ष पाऊस चुकला तर गोदामे रिती होतात. दुसऱ्या वर्षी बियाणे खाल्ले जाते. तिसऱ्या वर्षी माणसे वाट धरतात. जेथे गृहस्थांच्याच घरी दाणा नाही तेथे साधूंस आहार कोण देणार? संघ निघाला तो त्यामुळे. आम्ही गुहेपाशी बसून आपला हिशेब मांडला. धान्य नव्हते म्हणून ते आले. आमच्या गोदामात धान्य होते, म्हणून आम्हांस चाळीस वर्षे येता आले नाही. बंधूंस हे बोलून दाखविले तेव्हा ते हसले व म्हणाले, "मग गोदाम भरलेले की दुष्काळ, ते ठरव."

पुढे हासनवरून घाट उतरून किनारपट्टीच्या बाजूस गेलो. धर्मस्थळ येथे १९८२ मध्ये प्रतिष्ठा झालेले बाहुबली आहेत. वेणूर येथे १६०४ चे, कारकळ येथे १४३२ चे. कारकळची मूर्ती बेचाळीस फुटांची, उघड्या खडकावर आभाळाखाली उभी आहे. मूडबिद्रीत आठ दिवस राहिलो. नारळीच्या सावलीत पहाटेही चादर पुरे. छातीस तर विसरूनच गेलो. येथील सहस्रस्तंभ बसदी १४३० च्या सुमाराची, आणि गावातील अनेक बसदी व्यापारात संपन्न झालेल्या श्रेष्ठींनी बांधविलेल्या. धवला टीकेसह षट्खंडागम ग्रंथ ताडपत्रांवर शतकानुशतके याच गावात राखला गेला. तो छापून प्रथम बाहेर आला तो १९३९ मध्ये, आपल्या अमरावतीहून. संपादक होते तेथील महाविद्यालयातले प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन, आणि द्रव्य दिले विदिशाच्या एका श्रेष्ठींनी. ज्या ग्रंथाची उभ्या देशाला वाण होती, तो आपल्या वऱ्हाडातून प्रकाशित झाला, हे आम्हांस मूडबिद्रीत बसून कळावे, ही आमच्या आयुष्याच्या जमाखर्चातील मोठी तूट.

परत येताना समुद्राच्या कडेने अंकोल्यापर्यंत, तेथून घाट चढून हुबळी, बेळगाव, आणि कुंभोजच्या बाहुबली डोंगरावरील दर्शन घेऊन सोलापूरमार्गे घरी आलो. एकूण प्रवास सुमारे सव्वातीन हजार किलोमीटर, दिवस एकतीस. संत्री कधीच संपली होती. घरघंटी मात्र सुखरूप परतली.

पेढीवर गेलो तेव्हा चिरंजीवांनी वही पुढे केली. निम्मा माल त्यांनी पहिल्याच आठवड्यात थोडा तोटा सोसून काढला होता आणि निम्मा ठेवला होता. आम्ही असतो तर हट्टाने सारा धरून बसलो असतो. त्याचे काय झाले असते ते सांगता येत नाही, आणि आता सांगावयाचीही गरज नाही. सूचनांची आमची दीड पाने वहीतच होती, घडी न मोडलेली.

जाऊ इच्छिणाऱ्या सभासदांसाठी चार गोष्टी. धर्मशाळांस महिनाभर आधी पत्र वा फोन करावा. शनिवार-रविवारी मोठ्या क्षेत्रांवर पोहोचणे टाळावे. धान्य न्यावे, पीठ नेऊ नये. आणि वृद्धांस नेणाऱ्यांनी दिवसाला दोनशे किलोमीटरांहून अधिक पल्ला शक्यतो धरू नये. आम्ही दोन दिवस धरला आणि दोन्ही दिवस पस्तावलो.

शेवटी एक विनंती. आमच्या मुनीमजींना पेढीवर अडतीस वर्षे झाली. परतल्यावर नातवाने त्यांना समुद्राचे चित्र दाखविले, तेव्हा ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "एवढे पाणी आम्ही कधी पाहिले नाही." आमच्या जाण्याचा खर्च आम्ही वहीत लिहिला होता, आमचे जाणे ज्यांनी थांबून शक्य केले, त्यांचे नाव कोणत्याच खात्यात नव्हते. सबब असे ठरले आहे की, येत्या पौषात तीच गाडी मुनीमजींस व त्यांच्या कुटुंबास घेऊन जाईल, खर्च पेढीचा राहील, आणि तो महिनाभर रोकड लिहावयास आम्ही बसू. इतर पेढ्यांनीही आपापल्या मुनीम-मापाड्यांचा असा विचार करावा आणि संघटनेने त्यासाठी दर हिवाळ्यास एक गाडी ठरवावी, असे आम्ही सुचवितो. छातीचे काय, असे सौभाग्यवतींनी विचारले आहे. एक महिना मफलर गुंडाळून बसता येईल.

जय जिनेंद्र.